होणार नाही आणि होऊ नये



रोग्याला त्याचा रोग खरा सांगावा की नाही, हा प्रश्न आपल्या पिढीतल्या बहुतेक घरांत एकदा तरी येऊन गेलेला असतो. त्याचे उत्तरही ठरलेले असते. जावई नाहीतर पुतण्या डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "साहेब, त्यांना काही सांगू नका, धीर सोडतील." मग सगळे घर नाटक करते, आणि ज्याला बहुधा सगळे कळलेले असते तो रोगीही त्या नाटकात आपली भूमिका करतो. गेले सात महिने मी या प्रश्नावर विचार करतो आहे, कारण यंदा रोगी मी आहे.

संपादक मंडळाने 'श्रद्धा आणि धीर' यावर लिहा म्हटले. धीर कसा धरावा ते मला सांगता येणार नाही, हे मी तेव्हाच सांगून टाकले. मी बी.कॉम., ३६ वर्षे बँकेत क्लार्क, शास्त्री-पंडित नव्हे. जे पाहिले आणि त्यावर जे वाटले, तेवढे लिहितो.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. माझ्या नातवाला चौथ्या वर्षी ऑटिझम असल्याचे निदान झाले. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. डॉक्टरीणबाई एकेक लक्षण विचारत होत्या आणि माझी मुलगी प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघत होती. पुढे माझीही तपासणी झाली. वयाच्या ६१व्या वर्षी मला कळले की मीही त्यातलाच. हा रोग नव्हे, मेंदूची घडण वेगळी असते इतकेच. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे मांडली आणि हे नाव रूढ झाले. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचा उल्लेख आहे. आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावात हे कुणाला ठाऊक असणार? मला घुम्या म्हणत. मोठा आवाज सोसत नाही, रोजचा क्रम बदलला की जीव कासावीस होतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलता येत नाही, आणि शब्दाचा जो अर्थ आहे तोच मी घेतो. लेजरवर या गोष्टी गुणच ठरल्या.

जाता जाता, 'स्वमग्न' हा शब्द मला पटत नाही. अवधूतांच्या चोवीस गुरूंत एक बाण करणारा आहे. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही, इतका तो बाण सरळ करण्यात गढलेला. तो स्वतःत मग्न होता का? बाणात होता. आम्ही तसे असतो.

आता आजार. मी दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो आणि वहीत आकडे लिहितो. मे महिन्यात हिमोग्लोबिन १३.८ वरून ९.६ वर आलेले दिसले. दुखत काहीच नव्हते. म्हणजे दुखत असेलही, पण आमच्यातल्या पुष्कळांना भूक, तहान, दुखणे या आतल्या खबरा नीट पोचत नाहीत. शिवाय उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यातली गाठ बरेच दिवस मुकाट असते, थोडे थोडे रक्त जाऊन पंडुरोग होतो, तीच तिची खूण. दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला.

अहवाल आला त्या दिवशी मला "जरा बाहेर बसा" सांगितले. पुतण्या आत गेला, वीस मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, "काका, छोटीशी गाठ आहे, काढली की झालं. काही होणार नाही." फाईल माझ्या पिशवीत होती. त्यात अ‍ॅडेनोकार्सिनोमा असे स्वच्छ टाईप केलेले होते. आतड्याचा कॅन्सर.

पुतण्याचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण इतर माणसांना अशा वेळी सूर ऐकू येतो, मला शब्द ऐकू येतो. शब्द खोटा निघाला की त्या माणसाने नंतर सांगितलेले "ऑपरेशनची तारीख २३", "पैशांची सोय झाली", सगळेच सस्पेन्स खात्यात जाते. प्रत्येक नोंद पुन्हा तपासावी लागते, आणि आजारी माणसाकडे तेवढी ताकद नसते. दुसऱ्या डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिले: मला सर्व सांगावे, आकड्यांत सांगावे, एका वेळी एकानेच बोलावे, आणि जे सांगाल ते लिहूनही द्यावे. त्यांनी कागद वाचला, खुर्ची पुढे ओढली आणि चित्र काढून दाखवले. ऑपरेशननंतर २२ लसिकाग्रंथी तपासल्या, तीनमध्ये रोग सापडला, म्हणून तिसरी स्टेज. शंभरातले किती जण पाच वर्षांनी असतात तेही सांगितले. तो आकडा इथे देत नाही. तो माझ्या गाठीचा आहे. उगाच कुणी वाचक तो आपल्या माणसाला लावून बघेल.

त्या रात्री मी सात तास झोपलो.

लोकांना हे विचित्र वाटते. अप्रिय सत्य बोलू नये असे वचन आहे, ते मला अनेकांनी ऐकवले. वचन मनुस्मृतीतले आहे, पण तो अर्धाच श्लोक झाला. पुढच्याच ओळीत, प्रिय असले तरी असत्य बोलू नये, असेही सांगितले आहे. पहिली ओळ सगळ्यांना पाठ, दुसरी कुणालाच नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण "आशा सोडू नका" म्हणून जात होता. मला चोवीस गुरूंमधली पिंगला आठवे. एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला तिची गोष्ट सांगतात, नाथांच्या भागवतात ती विस्ताराने आहे. विदेहनगरीतली गणिका. कुणी धनवंत येईल म्हणून दारात उभी. आत जाते, पुन्हा बाहेर येते, अर्धी रात्र सरते. शेवटी तिची आशाच तुटते आणि ती शांत झोपते. अवधूतांनी हिला गुरू केले, वाट बघत उभ्या राहणाऱ्या पिंगलेला नव्हे, झोपलेल्या पिंगलेला. मी अनेक वर्षे हे वाचत आलो आणि वैराग्याचा उपदेश म्हणून पुढे जात आलो. यंदा वेगळे दिसले. तिची झोप उडाली होती ती दुःखाने नव्हे. येईल की नाही, या दारातल्या येरझाऱ्यांनी. तेव्हा "काही होणार नाही" म्हणणारा आपल्या माणसाला खरे तर पुन्हा दारात उभे करत असतो.

आशा सोडली म्हणजे उपचार सोडले असा अर्थ कुणी काढू नये. नृसिंहवाडीला पावसाळ्यात कृष्णामाई चढते तेव्हा पुजारी मंडळी काय करतात ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पाणी येणार नाही असे ती म्हणत नाहीत. पायऱ्यांवर पाणी कुठवर आले ते बघतात, उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात, आणि पूजा तिथे सुरू राहते. पादुका पाण्याखाली असताना त्रिकाळ पूजेत खंड नाही. माझे तसेच चालले आहे. २१ दिवसांची एक सायकल, अशा आठ. पहिल्या दिवशी ऑक्सॅलिप्लाटिनची दोन तासांची सलाईन, मग १४ दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. खरे सांगायचे तर हा नेमाचा क्रम मला आवडतो. पारायणाच्या सप्ताहासारखा आहे.

त्रास आहेच. या औषधाने थंड वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात, गार पाणी घशात टोचते. देवळाची फरशी पहाटे पायमोज्यांतूनही सोसत नाही. पुजारीबुवांनी माझ्यापुरते तीर्थ कोमट ठेवायला सुरुवात केली आहे, न विचारता.

औषधापेक्षा दवाखान्याचा गलका मला जास्त नकोसा होतो. टोकनचा भोंगा, टीव्ही, चार नातेवाईक चार बाजूंनी बोलताहेत. त्या कुमारीची गोष्ट आहे ना, पाहुणे आले म्हणून भात कांडायला बसली आणि बांगड्या वाजू लागल्या. शेवटी एकेका हातात एकच ठेवली तेव्हा आवाज थांबला. मीही सोबत एकच माणूस नेतो, मुलीला. कानात बोळे घालतो. कुणाच्या घरी माझ्यासारखे माणूस असेल तर एवढे लक्षात ठेवा, त्याला गर्दीची माया पेलत नाही.

आणि "किती दुखतंय, शून्य ते दहा?" हा प्रश्न विचारू नका. दहा म्हणजे काय ते ठाऊक नसताना चार कसे म्हणू? नर्सबाईंनी मग हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता आणला. चेहरे तर मला मुळीच वाचता येत नाहीत! आता मी सांगतो, झोप लागते की नाही, जिना चढवतो की नाही. डॉक्टरांना तेवढे पुरते.

चेहऱ्याचा विषय निघाला म्हणून. ऑपरेशनच्या आधी माझा शांत चेहरा बघून देवळातले एक स्नेही म्हणाले, "अण्णा, तुम्ही तर स्थितप्रज्ञ." त्याच आठवड्यात एक नातेवाईक बाई आमच्या घरच्यांना म्हणाल्या, "यांना काही वाटतच नाही का हो?" दोघांनी एकच चेहरा वाचला आणि दोन्ही निदाने चुकली. माझ्याकडे भावना बाहेरगावच्या चेकसारख्या येतात, वटायला दिवस लागतात. निदानानंतर पाचव्या दिवशी जप करताना माझे हात इतके कापू लागले की माळ सुटून पडली. भीती त्या दिवशी जमा झाली. ज्याचा चेहरा हलत नाही तो भक्त मोठा, असे कृपया समजू नका, आणि त्याला काळीज नाही असेही नका समजू. प्रारब्धाचेही मला अनेकांनी सांगितले. असेलही. पण त्या शाखेचे लेजर मला कुणी दाखवलेले नाही, तेव्हा त्यावर मी सही करत नाही.

गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायातला पोटशूळाचा ब्राह्मण मला या दिवसांत फार जवळचा वाटतो. जेवले की शूळ उठे, म्हणून अन्नच टाकलेला, शेवटी गोदावरीत जीव द्यायला निघालेला. श्रीगुरूंनी त्याला थांबवले आणि सायंदेवाला त्याला जेवू घालायला सांगितले, ही गोष्ट भेटायला येणारे मला उत्साहाने सांगतात, की बघा, बरा झाला. मला आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. श्रीगुरूंनी त्याला बोलावून घेतले, काय होते ते विचारले आणि त्याचे सगळे ऐकले. "तुला काही झालेले नाही" असे ते म्हणाले नाहीत. कृपा व्हायची ती त्यानंतर झाली.

इथवर माझे म्हणणे सरळ होते. अडले ते घरात.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री सौ. म्हणाली, "अहो, एकदा म्हणा ना, सगळं ठीक होईल." मला ते म्हणता येईना. मला माहीत नव्हते ठीक होईल की नाही, आणि माहीत नसलेली नोंद मी आयुष्यात केलेली नाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. ४१ वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत. माझ्या खरेपणाचा खर्च तिच्या खात्यातून व्हावा का? जागा होतो. आपण 'आयुष्मान भव' म्हणतो ते खोटे असते का, असा विचार आला. खोटे कसे असेल, आशीर्वाद काही भविष्य वर्तवत नाही, तो मागणे मागतो. 'होणार नाही' हे विधान आहे, 'होऊ नये' ही प्रार्थना आहे. विधान खरे किंवा खोटे ठरते. प्रार्थनेला ते लागूच नाही. आपल्या भाषेने दोन वेगळी रूपे दिली आहेत आणि आपण धीर देताना नेमके चुकीचे उचलतो.

पहाटे मी तिला म्हणालो, "सगळं ठीक व्हावं. तुला एकटीला राहायला लागू नये." ती उठून बसली. "हे कुठून सुचलं तुम्हाला?" म्हणाली, आणि मग रडली. व्याकरणाचे मी तिला सांगितले नाही.

तिचे समाधान झाले का? पूर्ण नाही. तिला अजूनही 'होईल' हवे असते, आणि ते ती शेजारच्या वहिनींकडून घेते. त्यालाही माझी हरकत नाही. प्रत्येकाने आपला रोग आपल्याला पेलेल त्या शब्दांत ऐकावा, पण कुठले शब्द पेलतील ते त्या माणसाला विचारावे, बाहेर बसवून ठरवू नये.

हा अंक हाती येईल तोवर माझी सहावी सायकल झालेली असेल, आणखी दोन राहतील. मग सीटी स्कॅन. दत्तजयंतीला जन्मकाळाच्या वेळी मी औदुंबराच्या बाजूला उभा असेन, ढोलताशापासून लांब, कानात बोळे घालून. कुणाला भेटावेसे वाटले तर जरूर या. तब्येत विचारलीत तर मी खरी सांगेन. थोडी लांबेल.