टिपलेल्या चित्राचा हक

जंगलातील प्राण्याचे छायाचित्र काढावे, ते विकावे आणि त्या पैशावर घर चालवावे, ही कमाई रास्त आहे काय? प्रश्न ऐकून बहुतेक जण हसतील. यात विचारण्यासारखे काय आहे? वाघाचा फोटो काढला म्हणून वाघाचा एक केसही कमी होत नाही. फोटो काढणारा मात्र लाखांची लेन्स घेतो, उन्हातान्हात बसतो, दहा दिवस जंगलात घालवतो आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो. अकराव्या दिवशी एखादे चित्र मिळते. ते एखादे मासिक, कॅलेंडर छापणारा किंवा जाहिरात कंपनी विकत घेते. कष्ट त्याचे, नजर त्याची, मग पैसाही त्याचाच.

तसवीर जायज की नाजायज, हा आपल्या समाजातला जुना वाद आम्ही येथे उकरून काढत नाही. तो वाद चित्राचा आहे. आमचा प्रश्न पैशाचा आहे. या पैशात आणखी कोणाचा वाटा निघतो काय, एवढेच आम्हांला पाहायचे आहे.

आधी कॅमेऱ्याला त्याचे श्रेय दिले पाहिजे. मराठीत 'टिपणे' हे क्रियापद मोठे गमतीचे आहे. शिकारी बंदुकीने सावज टिपतो आणि छायाचित्रकारही ते कॅमेऱ्यात टिपतो. शब्द एकच, परंतु पहिल्या टिपण्यानंतर प्राणी मरतो, दुसऱ्यानंतर तो आपल्या वाटेने निघून जातो. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी शंभर वर्षांपूर्वी, साहेब लोकांच्या शिकारीच्या ऐन भरात, वाघाच्या वाटेवर तार लावली. वाघाचा पाय तारेला लागला की दिव्याचा लखलखाट होई आणि फोटो निघे. ती चित्रे त्यांच्या १९२७ च्या पुस्तकात आली. आपल्या मुंबईचे डॉ. सालिम अली ज्या काळात कामाला लागले, त्या काळी पक्ष्याचा शास्त्रीय अभ्यास करायचा तर तो मारून त्याचे कातडे जपून ठेवावे लागे. आज पुष्कळशी ओळख फोटोवरून पटते. कॅमेऱ्याने बंदुकीची जागा घेतली, हे माणसाचे एक पाऊल पुढेच पडले आहे.

परंतु पाऊल पुढे पडले म्हणजे हिशेब संपला असे होत नाही. याचे उत्तम उदाहरण इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर घडले. डेव्हिड स्लेटर नावाचा ब्रिटिश छायाचित्रकार तेथे शेंडीवाल्या काळ्या माकडांचे फोटो काढायला गेला होता. एका माकडाने त्याच्या कॅमेऱ्याचा खटका दाबला आणि दात विचकून हसणारा स्वतःचाच फोटो काढला. २०११ साली तो वर्तमानपत्रांत छापून आला आणि जगभर गाजला. पुढे वाद पेटला. २०१४ मध्ये विकिमीडियाने तो फोटो आपल्या संग्रहातून काढण्यास नकार दिला. फोटो माकडाने काढला, तेव्हा त्याचा कॉपीराइट कोणाकडेच नाही, असे त्यांचे म्हणणे. स्लेटर म्हणे, जंगलात गेलो मी, माकडांचा विश्वास मिळवला मी, कॅमेरा मांडून ठेवला मी. २०१५ मध्ये प्राण्यांच्या हक्कांसाठी झगडणारी 'पेटा' ही संस्था माकडाच्या वतीने अमेरिकेतील न्यायालयात गेली. कॉपीराइट माकडाला द्या, ही तिची मागणी. न्यायाधीशांनी २०१६ मध्ये सांगितले की प्राण्याला कॉपीराइट मिळू शकत नाही. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच सांगितले.

मधल्या काळात, २०१७ च्या सप्टेंबरात, दोन्ही पक्षांत समझोता झाला. या फोटोंपासून पुढे जे उत्पन्न येईल त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, त्या माकडांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्याचे स्लेटरने कबूल केले. ही माकडांची जात आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. जंगल तुटते आहे आणि मांसासाठी त्यांची शिकारही होते.

जगाने हा खटला विनोद म्हणून वाचला. आम्हांला मात्र त्यात आमच्या वर्गातला एक शब्द दिसतो. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. मुलांना 'हक' शब्द शिकवताना त्याचे तीन अर्थ सांगावे लागतात. हक म्हणजे सत्य. हक म्हणजे आपण दुसऱ्याकडून मागू शकतो ते. आणि हक म्हणजे दुसऱ्याचे आपल्याकडे जे देणे लागते ते. शेजाऱ्याचा हक, मजुराचा हक, असे आपण म्हणतो तेव्हा हा तिसरा अर्थ मनात असतो. म्हणून तर उर्दूत हक 'अदा' करतात. हाच शब्द मराठीत 'हक्क' होऊन आला आणि रोजच्या वापरात मागण्यापुरताच उरला.

सुलावेसीच्या खटल्यात न्यायालयापुढे प्रश्न होता तो मागण्याच्या हक्काचा. माकड मागू शकत नाही, म्हणून त्याचा निकाल लागला आणि तो योग्यच होता. माकडाला बँकेत खाते कशाला हवे? परंतु मागता येत नाही त्याचे आपण काहीच देणे लागत नाही, असे त्यातून निघत नाही. तान्हे मूलही मागत नाही. आमच्या मते त्या सगळ्या भांडणातली शहाणपणाची गोष्ट निकालात नसून त्या चौथ्या हिश्शात होती.

मग प्रत्येक छायाचित्रकाराने चौथा हिस्सा दान केला की झाले काय? तसे आम्हांला वाटत नाही. प्राण्याचा पहिला हक पैशाचा नसतोच. त्याला हवे असते अंतर, शांतता आणि आपल्या पिलांजवळ जाण्याची मोकळी वाट. घरट्यातील पिलांचा स्वच्छ फोटो मिळावा म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या छाटल्या, तर पिले उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत येतात. घुबड झेपावताना दिसावे म्हणून पुढे जिवंत उंदीर सोडला, तर घुबडाला माणसाच्या हातच्या खाण्याची चटक लागते. असे चित्र विकून आलेल्या पैशातून कितीही मोठी देणगी दिली, तरी ती त्या पिलांपर्यंत पोहोचत नाही. हक फोटो काढतानाच अदा व्हायचा असतो, विकल्यानंतर नव्हे.

यात खोटेपणाचीही एक बाजू आहे. हक म्हणजे सत्य, हा पहिला अर्थ येथे उपयोगी पडतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या २००९ च्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले. तो लांडगा रानटी नसून बहुधा पाळलेला होता, असे परीक्षकांचे मत झाले. छायाचित्रकाराने ते नाकारले, तरी २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेण्यात आले. दुधात पाणी घालून विकणाऱ्याला आपण जे म्हणतो, ते पाळीव प्राणी रानटी म्हणून विकणाऱ्यालाही म्हटले पाहिजे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे फोटोमुळेच वाघ वाचतो. चित्र पाहून पर्यटक येतात, गाइडला, जिप्सीवाल्याला, गावातल्या चहावाल्याला रोजी मिळते आणि मग गावकऱ्यांना वाघ जिवंत हवासा वाटतो. हे म्हणणे खोटे नाही, आणि गरिबाच्या रोजीवर फुकटचे प्रवचन झोडण्याचा अधिकार पगारदार मास्तरांना नाही. परंतु ३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातील उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात काय झाले ते आठवावे. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते आणि पर्यटकांच्या जिप्सींनी त्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवून धरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. त्या जिप्सींतले सगळेच काही फोटो विकणारे नव्हते. पण जवळून घेतलेल्या फोटोची हाव कोठून आली? अशाच चित्रांना भाव मिळतो, हे त्यांनी पाहिले होते. दूरचा, गवतात अर्धा लपलेला वाघ कोणी विकत घेत नाही.

येथे आपण सगळे या हिशेबात येतो. कॅलेंडर आपण टांगतो, तक्ते शाळा विकत घेतात, जबडा उघडलेला वाघ आपल्या मुलांना आवडतो. विकणाऱ्याइतकाच घेणाराही या व्यवहारात भागीदार असतो.

तेव्हा आमचे मत असे. प्राण्याचे चित्र विकणे ही नाजायज कमाई नाही. डोळे, हात आणि धीर यांच्या जोरावर केलेला तो धंदा आहे. फक्त आपल्या घरांत जिला हक-हलालाची रोजी म्हणतात, ती ठरायला तीन गोष्टी हव्यात. प्राण्याची वाट अडवलेली नसावी, चित्राबद्दल खोटे सांगितलेले नसावे आणि ज्याच्या जिवावर पैसा आला त्याच्या जंगलासाठी त्यातले काही परत जावे. कायद्याने यांपैकी काही गोष्टींची सक्ती होईल, काहींची कधीच होणार नाही. माकड पावती मागायला येणार नाही. ज्याच्याकडे मागायला तोंड नाही, त्याचे देणे आपण फेडतो की बुडवतो, यावरच कमाईची परीक्षा होते.