एका अक्षराची भावकी

कडोलीकडच्या पोरांची जीभ तीन भाषांत फिरते. घरात मराठी, बेळगावच्या बसमध्ये कन्नड आणि दप्तरात इंग्रजी शब्दांची वही. दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणारं हे गाव, पण परीक्षा जवळ आली की धाक त्या वहीचाच. ‘काय पाठ करायलास?’ म्हणून विचारावं तर उत्तर येतं, ‘ए वरचे शब्द.’ ॲडॅप्ट, ॲडॉप्ट, ॲडेप्ट. तिघं एकाच भावकीतले. एका पंगतीला बसवले की भांडण ठरलेलंच. सकाळी घोकलेले अर्थ संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या अंगणात गेलेले असतात. असल्या याद्या पोरांच्या माथी मारणं मला मुळीच पटत नाही. दत्तक घेणारा ॲडॉप्ट आधी नीट मुरू द्यावा, जुळवून घेणाऱ्या ॲडॅप्टला महिन्याभराने बोलवावं.

सगळीच भावकी मात्र भांडकुदळ नसते. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर: ‘ग्ल’ आला की काहीतरी चमकतं. स्निफ, स्नोअर, स्नाउट, स्नीझ: ‘स्न’ आला की नाक आलंच. जे. आर. फर्थ या भाषातज्ज्ञाने 1930 मध्ये अशा ध्वनींना ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. त्याआधी काही वर्षं तो लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता. गंमत आहे ती स्नीझची. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द ‘फ्न’ने सुरू व्हायचा. पुढे ‘फ्न’ मागे पडला आणि शिंक बरोबर नाकवाल्यांच्या घरात येऊन बसली! अर्थात ग्लू चमकत नाही आणि स्नेकचं नाकाशी काही देणंघेणं नाही, हेही खरंच.

आपल्याकडे झगमग, झळाळी, झगझगीत आहेतच. फुंकर, फुगा, फुरफुर यांत वारा भरलेला. सीमेवरच्या पोराला याहून जास्त ठाऊक असतं. मराठीत गडगडतं ते आभाळ, कन्नडमध्ये माणूस थंडीने ‘गडगड’ कापतो. आपली थरथर म्हणजे कापरं, तर कन्नड ‘थळथळ’ म्हणजे लखलखाट. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, कानावर पडून पडून आलेलं असतं. त्याच कानावर ग्लिटर टाकावा, मोठ्याने, फळ्यावर शेजारी झगमग आणि थळथळ लिहून. बाईंना अर्थ सांगायची गरज फारशी उरणार नाही.

ग्लू तेवढा त्या दिवशी वर्गाबाहेर ठेवावा.