एकाच चित्रकाराची संगत

चित्रसंग्राहक म्हटला की पारखी नजर, वेळेवर साधलेला सौदा आणि पुढे शंभर पटींनी वाढलेली किंमत, अशाच गोष्टी कानावर येतात. बाल्टिमोरच्या एटा कोन यांची गोष्ट वेगळी आहे. घराण्याच्या कापडगिरण्यांमधून मिळणाऱ्या उत्पन्नावर जगणाऱ्या या अविवाहित बाईंनी १९०६ साली पॅरिसमध्ये चित्रकार आंरी मातीसची कागदावरची लहानशी कामे घेतली. तेव्हा लोक त्याच्या रंगांना हसत होते. १९४९ साली त्या गेल्या तेव्हा त्यांनी आणि थोरल्या बहिणीने, डॉ. क्लॅरिबेल यांनी, जमवलेल्या मातीसच्या कृती ५०० च्या आसपास होत्या.

दोघींत धाडसी क्लॅरिबेल, असे अभ्यासक सांगतात. मातीसचे ‘ब्लू न्यूड’ हे खळबळजनक चित्र १९२६ साली त्यांनीच घेतले. एटांच्या वाट्याला ‘सौम्य आवडीची’ हे विशेषण येते. मला हा न्याय वाटत नाही. धाडस एका दुपारी दाखवता येते. एटांनी जे केले त्याला त्रेचाळीस वर्षे लागली.

१९३५ साली मातीस ‘पिंक न्यूड’वर काम करत होता. मे ते ऑक्टोबर तो ते चित्र पुन्हा पुन्हा मोडत होता. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून त्याने अशी २२ छायाचित्रे एटांना धाडली. सुरुवातीला कोचावर पहुडलेली, गोलाई असलेली खरीखुरी बाई दिसते. हळूहळू खोलीची खोली नाहीशी होते, मागच्या खुर्चीची नुसती वळणे उरतात, शरीर पसरत पसरत चौकटीच्या कडांना भिडते आणि खाली निळ्या-पांढऱ्या चौकड्या येतात. पुढच्याच वर्षी एटांनी ते चित्र घेतले. आपली मोडतोड चित्रकार कोणाला दाखवतो? जो उद्याही येणार आहे, त्यालाच. कवी मालार्मेच्या कवितांच्या पुस्तकासाठी मातीसने केलेली कच्ची रेखाटने आणि छपाईचे तांब्याचे पत्रेही एटांनी घेतले. तयार पुस्तकावर त्यांचे समाधान झाले नाही.

क्लॅरिबेल १९२९ साली वारल्या. आधुनिक कलेबद्दल बाल्टिमोरची समज सुधारली, तर संग्रह तिथल्या संग्रहालयाला द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात सुचवले होते. न्यूयॉर्कवाल्यांचा डोळा असूनही एटांनी तो आपल्या गावालाच दिला. आज बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टमध्ये तो कोणालाही तिकिटाशिवाय पाहता येतो.

एटांकडे पैसा होता, हे खरेच. पण एकाच माणसाचे काम वर्षानुवर्षे पाहत राहायला गिरणी लागत नाही. तुमच्या शहरातला एखादा हयात चित्रकार निवडा. त्याच्या प्रत्येक प्रदर्शनाला जा. फसलेल्या प्रदर्शनाला तर नक्कीच जा.