दोन अंगुळांची उणीव

आजचे निरूपण लग्नमांडवातले आहे. मांडव म्हटला की हळद आली, अक्षता आल्या, मान आला आणि मानापमानही आला. पूर्वी रुसवा व्हायचा तो आहेराच्या लुगड्यावरून, नाहीतर पंगतीतल्या पाटावरून. आता तो मुलांच्या हातातल्या मोबाईलवरून होतो. हसू नका, गोष्ट आमच्याच घरातली आहे.

गेल्या वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न झाले. तिच्या वहिनीने पत्रिकेच्या तळाशी एक ओळ छापून घेतली, की मंगल कार्यात लहान मुलांच्या हाती मोबाईल देऊ नये. पत्रिका घरोघर गेली आणि भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली : “हे आमंत्रण म्हणायचे की तंबी?” तरी लग्नाचा दिवस उजाडला, मांडव भरला. अंतरपाट धरलेला, मी मंगलाष्टके म्हणतो आहे, आणि माझ्या थोरल्या बहिणीचा चार वर्षांचा नातू मोबाईलमध्ये डोके घालून बसलेला. व्यवस्थेवर ठेवलेल्या एका पोराने तो त्याच्या हातातून ओढून घेतला. मुलाने असा हंबरडा फोडला की माझे ‘सावधान’ कोणाच्या कानीच गेले नाही. आक्का उठली, नातवाला कडेवर मारले आणि न जेवता निघून गेली. सत्तरी उलटलेली आत्या भाचीच्या लग्नातून उपाशी गेली! डोक्यावर अक्षता पडत असताना नवरी दाराकडे पाहत होती.

आता बाजू खरी कोणाची? पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्ताला जाऊ नये, असे आमच्या गुरुजींनी शिकवले. वहिनी म्हणते, मुलांनी अंतरपाट पाहू नये, सप्तपदी पाहू नये, आजोबांच्या पाया पडताना मान वर करू नये, तर संस्कार व्हायचा कोणावर? तिचे म्हणणे निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की एक वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून तासाभरापेक्षा अधिक दाखवू नये. आक्का म्हणते, रात्रभर एस.टी.त जागलेले पोर, ओळखीचे एक तोंड नाही, उकाडा, वाजंत्री. त्याने करायचे काय? हेही खोटे नाही. दोघी खऱ्या, आणि तरी घर दुभंगले. मग चुकले कोठे?

श्रोतेहो, योगशास्त्रात यम आणि नियम असे दोन शब्द जोडीने येतात. अहिंसा, अस्तेय असे वर्जनाचे ते यम. शौच, संतोष, स्वाध्याय असे आचरणाचे ते नियम. एकाने हात आवरायचा, दुसऱ्याने त्याच हाताला काम द्यायचे. आमच्या पत्रिकेत यम छापला होता, नियम छापायचा राहिला. मोबाईल घेऊ नका, हे सांगितले. त्याऐवजी काय घ्यायचे, हे कोणीच सांगितले नाही.

यावर दशमस्कंधाच्या नवव्या अध्यायातली दामोदरलीला आठवा. यशोदामाई दही घुसळीत बसली आहे. बाळकृष्ण भुकेला होऊन आला, तिने त्याला मांडीवर घेतले. तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले. माईने बाळाला अर्धपोटी खाली ठेवले आणि ती दुधाकडे धावली. त्या रागात बाळाने दह्याचे भांडे फोडले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे : माईने बांधायला दावे आणले, ते दोन अंगुळे कमी पडले. दुसरे जोडले, पुन्हा दोन अंगुळे कमी! घरातली सारी दावी संपली, उणीव मात्र तेवढीच.

येथे सूक्ष्म विचार करा. दावे मागाहून आले, मांडीवरून उतरवणे आधी झाले. लग्नघरात आपणा सर्वांचेच दूध उतू जात असते. कोणाला आहेराची यादी, कोणाला वऱ्हाडाचा चहा, कोणाला फोटो. त्या धांदलीत मूल मांडीवरून उतरते आणि त्याच्या हाती मोबाईल येतो. मग आपण दावे घेऊन धावतो आणि ते पुरत नाही म्हणून एकमेकांना बोल लावतो.

आता या कीर्तनकाराचेही ऐका. दुसऱ्यावर नियम चढवताना फार बरे वाटते. हळदीच्या दिवशी मी मंगलाष्टकांची वही शोधत होतो आणि माझा नातू धोतराचा सोगा ओढीत होता. मी त्याच्या हाती माझाच मोबाईल दिला अन् म्हटले, “बस गप.” लग्नघटकेला तर माझे मंगलाष्टक टिपून घेण्यासाठी तोच मोबाईल बोहल्याशेजारी मांडून ठेवला होता. आक्काचा नातू समोर बसून हे सारे पाहत होता. त्याच्याकडचा काढला, माझा तसाच राहिला! आपण वारकरी माळ घालतो ती स्वतःच्या गळ्यात. एकादशी धरतो ती स्वतःच्या पोटाने. आपण जेवून मुलाला उपास घडवला, तर त्याला व्रत कोण म्हणेल?

आठ दिवसांनी मी आक्काच्या दारी गेलो. तिने पाणी दिले, बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “अरे, तुमचा नियम वाईट नव्हता. पण हातातले काढून घेतल्यावर माझ्या पोराला कोणी जवळ घेतले का? भर मांडवात एकाही माणसाने?” मी साठीतला शास्त्र शिकलेला माणूस, माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती दोन अंगुळे मला तेव्हा दिसली.

मार्गशीर्षात दुसऱ्या पुतण्याचे लग्न निघाले. पत्रिकेत ती ओळ छापली नाही. वहिनी स्वतः आक्काकडे गेली, पाया पडली आणि विचारले, “आत्याबाई, मुलांचे काय करावे?” आक्काने सांगितले, “जुन्यासारखे करा.” म्हणजे अक्षता वाटायच्या मुलांनी, पंगतीत मीठ-लिंबू वाढायचे मुलांनी, नवऱ्याचे जोडे राखायचे मुलांनी. अगदी लहानग्यांसाठी मांडवामागे सतरंजी घातली आणि दोन आज्या आलटून पालटून गोष्टी सांगत बसल्या. मोठ्यांनी मंगलाष्टके संपेपर्यंत आपले मोबाईल एका परडीत ठेवले. एक तेवढा चालू राहिला, कारण नवरीची आजी अंथरुणाला खिळलेली, तिला घरबसल्या अक्षता पाहायच्या होत्या. वस्तू वाईट नसते, विवेक सुटला की वाईट. सगळे सुरळीत झाले असे नाही. एक पोर रडलेच. पण या खेपेस त्याला तीन जणांनी उचलले, आणि आक्का पोटभर जेवली.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली १५ ऑगस्टपासून एक पायंडा पाडला. संध्याकाळी सातला देवळावरून भोंगा वाजायचा आणि दीड तास टी.व्ही. व मोबाईल बाजूला ठेवून मुले पुस्तके उघडायची. त्यातली खूण ध्यानात घ्या : भोंगा मोठ्यांच्याही कानी पडतो.

आणि वारीत तरी वेगळे काय आहे? दिंडीत लहान मुलाला कोणी गप बस म्हणत नाही, त्याच्या हाती टाळ देतात. टाळाने दोन्ही हात गुंतले की तिसऱ्या वस्तूला जागा उरत नाही. मात्र अलीकडे रिंगणात अश्व धावतो तेव्हा हजार हात मोबाईल धरून वर जातात. अश्व गेल्यावर टापांखालची माती कपाळी लावायची असते, ती कोणत्या हाताने लावणार? मुले आपल्या मागे चालत आहेत, त्यांचे डोळे आपल्या हातांवर आहेत.

तेव्हा दाव्याचा शेवट सांगतो आणि थांबतो. माईने हातातली काठी आधीच टाकून दिली होती, कारण बाळ भ्यालेले तिला पाहवले नाही. पुढे ती दमली, घामाघूम झाली, अंबाड्यातली फुले गळून पडली. तिचे श्रम पाहून देवाला करुणा आली आणि तो आपण होऊन बांधून घेता झाला. एक अंगूळ माईच्या कष्टाचे, एक देवाच्या कृपेचे, असे जुने जाणते सांगतात. आपल्या मांडवात पहिले अंगूळ मोठ्यांच्या स्वतःच्या संयमाचे, दुसरे मांडीवर घेण्याचे. ही दोन भरली की दावे आपोआप पुरते.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!