तिकिटात भाषा येते काय?

रजा शिल्लक असली आणि गाठीशी थोडी पुंजी असली, की सहकुटुंब टोकिओ किंवा पॅरिस पाहून येणे आता मध्यम वर्गातील अनेकांच्या आवाक्यात आले आहे. मुले बरोबर असली म्हणजे त्या नगरांतील चित्रशाळांपेक्षा डिस्नेलँडचीच ओढ अधिक. निघण्यापूर्वी मंडळी हटकून विचारतात, "तेथे भाषेचे कसे?" प्रश्न सोयीचा म्हणून विचारला जातो, परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते. परक्याच्या भूमीत त्याची भाषा न जाणता गेलेल्या माणसाने यजमानाकडून काय अपेक्षावे, आणि आपण होऊन काय द्यावे? तिकिटाच्या दामात यजमानाची भाषा आपल्यासाठी बदलून मिळण्याचा हक्कही येतो काय?

टोकिओ डिस्नेलँडचेच उदाहरण घेऊ. १५ एप्रिल १९८३ रोजी उघडलेले हे उद्यान अमेरिकेबाहेरील पहिले डिस्नेलँड. टोकिओशेजारच्या उरायासू येथे ते वसले असून त्याचा कारभार एक जपानी कंपनी पाहते. तेथील दुकानांच्या पाट्या आणि पाळण्यांची नावे बहुतांशी इंग्रजीत आहेत. ती वाचून इंग्रजी जाणणारा भारतीय पाहुणा निर्धास्त होतो. पण हे इंग्रजी त्याच्या सोयीसाठी लिहिलेलेच नाही. जपानी प्रेक्षकाला अमेरिकेत आल्याचा भास व्हावा म्हणून लावलेले ते नेपथ्य आहे. माणसे बोलू लागली, की जपानी सुरू होते. ‘जंगल क्रूझ’च्या नावेत नावाडी प्रवासभर विनोद करीत असतो, सारी नाव हसते, आणि आपण इतर हसले म्हणून हसतो. शेजारच्या डिस्नेसी उद्यानात २००९ पासून चित्रपटातील एक कासव पडद्यावरून प्रेक्षकांतील मुलांशी प्रश्नोत्तरे करीत आले आहे. त्या घोळक्यात बसलेल्या मराठी मुलाने त्याला काय विचारावे?

पाहुणा म्हणेल, "मी इतरांइतकेच दाम मोजले, मग माझ्या वाट्याला अर्धाच आनंद का?" या तक्रारीला उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत: जीव, वाट आणि रस.

जिवाचा प्रश्न आला की भाषेची सबब चालत नाही. ‘बिग थंडर माउंटन’च्या गाडीत १०२ सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या मुलास बसता येत नाही, आणि हे सांगायला उंची मोजण्याची काठी पुरेशी असते. धोक्याची सूचना प्रत्येकाला कळेल अशा रीतीने देणे हे यजमानाचे निखळ कर्तव्य आहे. वाटेची गोष्ट थोडी निराळी. १९६४ साली टोकिओत ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा येणाऱ्या असंख्य पाहुण्यांना जपानी लिपी वाचता येणार नाही हे ओळखून कात्सुमि मासारू यांच्या नेतृत्वाखाली चित्रकारांनी खेळांची आणि सोयींची साधी चिन्हे तयार केली, आणि ती सर्वांना वापरता यावीत म्हणून त्यांवरील हक्कही सोडून दिला. आज जगभर विमानतळांवर आणि उद्यानांत शौचालयाची वाट न विचारता सापडते, त्यात या सौजन्याचा मोठा वाटा आहे.

उरला रस. तो मात्र कोणी विकू शकत नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याने १७९५ साली शाश्वत शांततेवरील आपल्या निबंधात एक मार्मिक भेद केला आहे. परभूमीत पाऊल ठेवणाऱ्याला शत्रू म्हणून न वागवले जाण्याचा, म्हणजे भेटीचा, हक्क आहे. पाहुणचाराचा हक्क त्याला नाही, त्यासाठी निराळा करार लागतो. तिकीट हा तसा करारच आहे असे कोणी म्हणेल. पण त्या कराराने नावेतील जागा मिळते, नावाड्याची जीभ मिळत नाही. विनोद त्याच्या लोकांच्या सामाईक आठवणींतून उगवतो, आणि त्या आठवणीत आपण नव्हतो.

मग यजमानानेच सर्वांना कळेल असे बोलावे, असा दुसरा पक्ष आहे. पॅरिसजवळचे उद्यान १२ एप्रिल १९९२ रोजी उघडले, तेव्हा तेथील ‘फँटम मॅनर’ या भुताच्या वाड्यातील निवेदन अमेरिकन नट व्हिन्सेंट प्राइस याच्या इंग्रजी आवाजात होते. लवकरच त्याच्या जागी फ्रेंच निवेदन आले. प्राइसचे फक्त हसणे राहिले. २०१९ साली वाड्याचे नूतनीकरण झाल्यावर फ्रेंचच्या जोडीला त्याचा आवाज परत आला. एका घरात दोन भाषा नांदवायला सत्तावीस वर्षे लागली! आणि ज्या पाहुण्याला यांपैकी एकही येत नाही, तो तेव्हाही परका होता आणि आजही आहे.

सर्वांना सारखेच समजेल असे रूप शोधू गेले, तर काय हाती लागते याचाही दाखला आहे. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात युनिसेफसाठी डिस्नेने देशोदेशींच्या बाहुल्यांचा नौकाविहार उभारला. प्रत्येक देशाच्या बाहुल्यांनी आपापले राष्ट्रगीत गावे अशी मूळ कल्पना होती. पण सारी गीते एकदम वाजू लागताच नुसता गोंगाट झाला. तेव्हा एकच सोपी चाल रचून ती निरनिराळ्या भाषांत गाववली गेली. युक्ती गोड आहे. परंतु त्या बाहुल्यांचे चेहरे जवळजवळ एकाच साच्याचे आहेत, वेश तेवढे वेगळे. अडचण दूर झाली, आणि तिच्याबरोबर माणसांचे वेगळेपणही पुष्कळसे दूर झाले.

म्हणून पाहुण्याच्या कर्तव्याकडे वळावे लागते. आपले निर्बंध समजावून सांगण्याचा भार आपलाच. शाकाहारी मनुष्य जपानमध्ये "मांस नको" एवढेच सांगून सुटत नाही, कारण तेथील कितीतरी पदार्थांत सुक्या माशाचा ‘दाशी’ नावाचा अर्क असतो. ते वाक्य घरूनच जपानीत लिहून न्यावे. मोबाइलमधील भाषांतराचा लाभ जरूर घ्यावा. मुलाला शेंगदाण्याचे वावडे असेल, तर तो न घेणे हाच प्रमाद. मात्र त्या यंत्राने विनोदाचा अर्थ कळतो तोवर हशा ओसरलेला असतो. अशा वेळी चडफडत बसण्यापेक्षा, "येथे आपण पाहुणे आहोत" हे शांतपणे मान्य करणे शहाणपणाचे. नमस्काराचे आणि आभाराचे दोन शब्द यजमानाच्या भाषेत उच्चारले, तर त्याचाही चेहरा उजळतो. उच्चार चुकला तरी हेतू पोचतो.

हा विचार डिस्नेलँडच्या फाटकाशी संपत नाही. बदलीच्या नोकरीत कोलकाता, चेन्नई किंवा गुवाहाटी येथे वर्षानुवर्षे राहणारे आमचे वाचक हे जाणतातच. सरकारी वसाहत, इंग्रजी टिपणे आणि हिंदी बाजार एवढ्यावर आयुष्य निभावते. आणि भोवतालचा प्रांत रविवारी पाहायचे प्रेक्षणीय स्थळ बनून राहतो. थीम पार्कात एक दिवस तसे राहणे क्षम्य आहे, कारण तेथे सारेच खोटे असते. परंतु ज्या रयतेच्या अर्जावर आपण सही करतो, तिच्या विनोदाला वीस वर्षांनीही शेजाऱ्याकडे पाहून हसावे लागत असेल, तर त्याला अडचण म्हणता येणार नाही. ती उपेक्षा होय. सखाराम गणेश देऊस्कर मराठी कुळातले. त्यांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ लिहिली ती बंगालीत. काकासाहेब कालेलकर साताऱ्याचे; गुजरातीने त्यांना आपला लेखक मानले. दोघांचेही मराठीपण त्याने उणे झाले नाही.

एवढी मजल सर्वांनी गाठावी असा आमचा आग्रह नाही. पण तिकिटाने न मिळणारी ही गोष्ट कालांतराने आणि कष्टाने मिळू शकते, आणि मुक्काम लांबत जातो तसतसे ती मिळवण्याचे उत्तरदायित्वही वाढत जाते. एका दिवसाच्या पाहुण्याला यजमानाने सांभाळून घ्यावे. वीस वर्षांच्या पाहुण्याने यजमानाची भाषा शिकावी.