बालकाचे मस्तक आणि आपली दृष्टी

नवजात बालकाचे मस्तक लांबट वा एका बाजूस चपटे दिसले की घरातील वडीलधारी मंडळी चिंतित होतात. सांबऱ्यापासून निपाणीपर्यंत तेल लावून ते दाबून गोल करण्याची, मोहरीची उशी देण्याची रीत आम्ही पाहतो. हेतू प्रेमाचाच, परंतु ही धडपड बालकाच्या हितासाठी की लोकांच्या नजरेसाठी, हा आमचा प्रश्न आहे.

कवटीची हाडे जन्मतः सांधलेली नसतात, ती उगाच नव्हे. अरुंद जन्ममार्गातून येताना ती एकमेकांवर सरकतात. हा लांबटपणा बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरतो. पुढची टाळू साधारणतः १८ महिन्यांच्या सुमारास भरते. बालकास उशीविना उताणे निजवावे, मान आलटूनपालटून वळवावी, जागेपणी आपल्या देखरेखीखाली पालथे ठेवावे. चपटेपणा बहुधा उणावतो. बोटांच्या दाबाने मात्र कोवळ्या जिवास इजा होऊ शकते. क्वचित हाडांचे सांधे अकाली जुळतात. तेथे डॉक्टरांकडेच जावे.

अष्टावक्रास पाहून जनकाची सभा हसली. वक्रता त्याच्या देहात होती. दोष हसणाऱ्यांच्या दृष्टीत होता. मस्तक गोल करण्याआधी ती दृष्टी सरळ करणे, हाच आपला धर्म होय.