न दिसणाऱ्या वेदनेविषयीं

शेजाऱ्याच्या अंगावर जखम दिसली म्हणजे आपण धांवत जातों. परंतु जखम भरून आल्यावरही तो कण्हतच राहिला, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणें आपलें कर्तव्य आहे काय? हा प्रश्न आम्हांस नागिणीनें शिकविला.

आमच्या गांवीं एक वृद्ध बाई होत्या. त्यांस नागीण झाली. तीन-चार आठवड्यांनीं खपल्या पडल्या, तरी पुढें कित्येक महिने, लुगड्याचा स्पर्शही सोसत नाहीं, असें त्या म्हणत. आम्हीं त्यांस धीर धरण्याचा उपदेश केला, आणि माघारीं, म्हातारीस लाड करून घ्यावयाचे आहेत, असें बोललों. पुढें साठाव्या वर्षीं तोच रोग आमच्या बरगडीवर उठला, तेव्हां आमचें तें बोलणें आम्हांस आठवलें. तोंवर त्या बाई निवर्तल्या होत्या. क्षमा कोणापाशीं मागावी?

हा रोग कोणाचा कोप नव्हे, करणी नव्हे, किंवा पापाचें शासनही नव्हे. ज्यास कांजिण्या येऊन जातात, त्याच्या शरीरांतून त्यांचे विषाणु पुरते जात नाहींत. ते कण्याजवळील मज्जातंतूंच्या गांठींत निजून राहतात, आणि वय झालें किंवा शक्ति क्षीण झाली म्हणजे जागे होऊन तंतूच्या वाटेनें कातडीपर्यंत येतात. म्हणून फोड बहुधा अंगाच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखे उठतात. नागिणीचें तोंड व शेपूट जुळलें कीं मनुष्य मरतो, ही समजूत खोटी आहे. इंग्लंडांतील सायरन्सेस्टर येथें होप-सिम्पसन नांवाचे एक साधे डॉक्टर होते. त्यांनीं सोळा वर्षें आपल्या रोग्यांचीं टिपणें ठेवून १९६५ सालीं हें सविस्तर मांडिलें.

आतां पाहा, या रोगांत तो तंतूच दुखावलेला असतो. कातडी बरी झाली तरी तंतु कधीं कधीं महिनेच्या महिने जळत राहतो. म्हणजे त्या बाई खरेंच बोलत होत्या.

कोणी म्हणेल, अशानें ढोंग्यांचें फावेल. फावो. ढोंग्यावर विश्वास ठेविला तर आपली एक घागर पाणी व घटकाभर वेळ जाईल; परंतु खऱ्या दुःखितास खोटें ठरविलें, तर त्याच्या वेदनेंत आपण एकाकीपणाची भर घालतों. वेदनेस साक्षी एकच असतो, व तो म्हणजे सोसणारा. त्याचें म्हणणें प्रथम खरें धरून चालावें, असें आम्हांस वाटतें.

तरी कोणास असे फोड दिसले, तर गेरूचा लेप व मंत्र यांत दिवस न घालवितां त्यास दवाखान्यांत न्यावें. असायक्लोव्हिरसारखें औषध ७२ तासांच्या आंत सुरू झाल्यास फार उपयोगी पडतें. डोळ्याजवळ फोड आल्यास तर त्याच दिवशीं जावें. फोड झांकून ठेवावेत, आणि ज्यांस कांजिण्या आल्या नाहींत अशा मुलांस व गरोदर स्त्रियांस त्यांचा स्पर्श होऊं देऊं नये. पन्नाशीनंतर घेण्याची लसही आतां निघाली आहे. तिच्याविषयीं डॉक्टरांस विचारावें.

आणि खपल्या पडल्यावरही त्या घरीं जाणें सोडूं नये. उपदेश करूं नये. जवळ बसून, "आज कसें आहे?" एवढें विचारावें, आणि उत्तर येईल तें खरें मानावें.